क्लेमचं घड्याळ नेमकं कधी सुरू होतं?

मागच्या पावसाळ्यातला रविवार. बदलापूरहून मुळगावच्या पुढे बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या एका मित्राची बाईक घसरली. वेग फार नव्हता, रस्त्यावर चिखल होता. नडगीचं हाड मोडलं, ऑपरेशन करून प्लेट बसवावी लागली. कंपनीचा ग्रुप हेल्थ इन्शुरन्स होता, फोनमध्ये ॲप होतं, ॲपमध्ये ई-कार्ड होतं. म्हणजे कागदोपत्री सगळं नीट.

चौथ्या दिवशी सकाळी १० वाजता डॉक्टर म्हणाले, "आज घरी जा." आम्ही हॉस्पिटलमधून बाहेर पडलो तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते. मधले साडेनऊ तास ॲपवर एकच ओळ होती: 'प्रक्रिया सुरू आहे'. त्याची आई दर अर्ध्या तासाने विचारायची, "काय रे, आलं का त्यांचं?" इन्शुरन्स डेस्कवरचा माणूस म्हणायचा, "कंपनीकडून अप्रूव्हल पेंडिंग आहे." कंपनीचा कॉल सेंटरवाला म्हणायचा, "हॉस्पिटलकडून कागद पेंडिंग आहेत."

मी नियम वाचला होता. डिस्चार्जची मंजुरी ३ तासांत द्यायची, असं विमा नियामकाने लिहून ठेवलंय. म्हणून भांडायच्या तयारीने मी डेस्कवर जाऊन विचारलं, "तुम्ही फाइल किती वाजता पाठवली, ते ईमेलवर दाखवा." त्याने जरा आढेवेढे घेऊन दाखवलं. फाइल गेली होती दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी. मंजुरी आली ६ वाजून ५० मिनिटांनी. म्हणजे २ तास ४० मिनिटं. विमा कंपनीने नियम पाळला होता! आणि तरीही पायात प्लेट असलेला पेशंट साडेनऊ तास बेडवर ताटकळत होता.

हे कसं झालं? आजचा लेख त्यावरच आहे. हेल्थ इन्शुरन्स कोणता घ्यावा यावर हजार व्हिडिओ सापडतील. पण पडल्यानंतर, फ्रॅक्चर झाल्यानंतर ही सिस्टीम आतून कशी चालते, कुठे अडकते आणि आपल्या हातात काय असतं, हे फार कमी जण सांगतात.

नियम काय म्हणतो?

२९ मे २०२४ रोजी इर्डाने, म्हणजे भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने, आरोग्य विम्याचं एक मोठं परिपत्रक काढलं. जुनी बरीच परिपत्रकं रद्द करून सगळं एका जागी आणलं. त्यातल्या आपल्या कामाच्या गोष्टी अशा:

पहिली, कॅशलेसची विनंती आल्यावर विमा कंपनीने लगेच, आणि जास्तीत जास्त १ तासात निर्णय द्यायचा.

दुसरी, हॉस्पिटलकडून डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून ३ तासांत अंतिम मंजुरी द्यायची. त्याहून उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले, तर ते विमा कंपनीने भरायचे. तेही भागधारकांच्या निधीतून.

तिसरी, कंपनीतल्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय कोणताही क्लेम फेटाळायचा नाही. आणि फेटाळला किंवा रक्कम कापली, तर पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली, हे लेखी सांगायचं.

चौथी, क्लेमसाठी लागणारे कागद कंपनीने किंवा टीपीएने हॉस्पिटलकडून मिळवायचे, पेशंटला पळवायचं नाही.

नियम चांगले आहेत, यात वाद नाही. पण दुसऱ्या नियमातला एक शब्दप्रयोग परत वाचा: 'हॉस्पिटलकडून विनंती मिळाल्यापासून'. डॉक्टरांनी "घरी जा" म्हटल्यापासून नव्हे. घड्याळ सुरू होतं ते फाइल कंपनीच्या पोर्टलवर पोचल्यावर. आणि ती वेळ आपल्याला कुठेच दिसत नाही.

त्या सहा तासांत काय चाललं होतं?

डेस्कवरचा माणूस नंतर निवांत झाल्यावर त्याने सांगितलं, त्यावरून मी पूर्ण साखळी जुळवली. डॉक्टर राऊंडला येतात, डिस्चार्ज सांगतात. मग डिस्चार्ज समरी टाइप होते. ती लिहिणारे ज्युनिअर डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये असतात, म्हणून ती दुपारी होते. मेडिकलमधून न वापरलेली औषधं परत जातात, त्याचं बिल वजा होतं. प्लेट आणि स्क्रूचे स्टिकर केस पेपरला चिकटवून त्याचं इन्व्हॉइस लागतं. एक्स-रेचे रिपोर्ट गोळा होतात. बिलिंग विभाग अंतिम बिल काढतो. मग हे सगळे कागद स्कॅन होतात आणि टीपीएच्या पोर्टलवर चढतात.

टीपीए म्हणजे थर्ड पार्टी ॲडमिनिस्ट्रेटर, विमा कंपनीच्या वतीने क्लेमचं काम बघणारी मधली संस्था. प्रत्येक टीपीएचं पोर्टल वेगळं, लॉगिन वेगळं, फॉर्म वेगळा. एका मध्यम हॉस्पिटलच्या डेस्कवर दोन माणसं अशी डझनभर पोर्टलं उघडून बसलेली असतात. एका पोर्टलला ५ एमबीची मर्यादा, दुसऱ्याला फक्त पीडीएफ चालते, तिसऱ्याचं सेशन मधेच संपतं. पलीकडे टीपीएचा माणूस ती स्कॅन केलेली पीडीएफ डोळ्यांनी वाचतो आणि आकडे पुन्हा हाताने टाइप करतो. म्हणजे हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमध्ये असलेला डेटा आधी कागदावर येतो, मग फोटो होतो, मग परत डेटा होतो. आम्ही डेव्हलपर लोक ज्याला बघून डोकं धरतो, तसली ही सिस्टीम आहे.

यावर उपाय म्हणून नॅशनल हेल्थ क्लेम्स एक्स्चेंज उभं राहतंय. आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने ते बनवलं, आणि इर्डाने २०२३ मध्ये विमा कंपन्या, टीपीए आणि हॉस्पिटलांना त्यावर यायला सांगितलं. कल्पना साधारण यूपीआयसारखी. तुमची बँक कोणती, समोरच्याची कोणती, याने जसा फरक पडत नाही, तसं हॉस्पिटलने एकाच ठरलेल्या साच्यात माहिती पाठवायची आणि ती कोणत्याही विमा कंपनीला थेट वाचता यायला हवी. तुमचा १४ आकडी आभा नंबर हा याच मोठ्या योजनेचा भाग.

पण यूपीआय चाललं त्याचं एक कारण होतं: दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला, दोघांनाही ते लगेच हवं होतं. इथे तसं नाही. हॉस्पिटलला जुनं सॉफ्टवेअर बदलण्याचा खर्च येतो. विमा कंपनीला उशिराचा फटका ३ तासांनंतरच बसतो, आणि तोही कोणी वेळ मोजली तर. ताटकळतो तो पेशंट, आणि त्याच्या हातात स्क्रीनवरची एक ओळ. त्यात हॉस्पिटलं आणि विमा कंपन्या यांच्यात दरांवरून कायम ओढाताण. ऑगस्ट २०२५ मध्ये तर हॉस्पिटलांच्या एका राष्ट्रीय संघटनेने एका मोठ्या विमा कंपनीचे कॅशलेस थांबवण्याचा सल्ला आपल्या सदस्यांना दिला होता. नंतर ते मिटलं, पण अशा भांडणात पेशंट कुठे असतो ते दिसलं.

पहिली ओळ कोण लिहितं?

उशीर ही एक डोकेदुखी. दुसरी त्याहून मोठी, आणि ती सुरू होते कॅज्युअल्टीमध्ये पहिल्या १० मिनिटांत.

आमच्या मित्राच्या केस पेपरवर ड्युटीवरच्या डॉक्टरांनी घाईत एवढंच लिहिलं होतं: 'पडल्यामुळे उजव्या पायाला इजा'. बस. दुसऱ्या दिवशी टीपीएकडून प्रश्नांची यादी आली. कुठे पडला? किती वाजता? वाहन होतं का? कोण चालवत होतं? दारू प्यायली होती का? एमएलसी झाली का? एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस, अपघाताची हॉस्पिटलमधली नोंद, जी पोलिसांना कळवली जाते.

हे प्रश्न विचारणं चूक नाही. पण प्रत्येक प्रश्नावर घड्याळ थांबतं, आणि उत्तर परत त्याच डेस्कमधून जातं. सॉफ्टवेअरमध्ये म्हणतात तसं, आत कचरा टाकला की बाहेर कचराच येतो. पहिली ओळ अपुरी असेल तर पुढचं सगळं अडतं.

इजेच्या बाबतीत ही ओळ फार महत्त्वाची असण्याचं कारण पॉलिसीच्या अटींमध्येच आहे. इर्डाने सप्टेंबर २०१९ मध्ये 'काय कव्हर होत नाही' या अटींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यानुसार नवीन पॉलिसीला पहिले ३० दिवस आजारपणाचा क्लेम मिळत नाही, पण अपघात असेल तर ही अट लागू नाही. काही ठरावीक आजार आणि ऑपरेशनांसाठी एक-दोन वर्षं थांबावं लागतं, पण कारण अपघात असेल तर तीही अट लागू नाही.

आता गुडघ्याचं लिगामेंट घ्या. टर्फवर फुटबॉल खेळताना पाय मुरगळला आणि लिगामेंट फाटलं, तर तो अपघात. पण केस पेपरवर 'बऱ्याच दिवसांपासून गुडघेदुखी' असं लिहिलं गेलं, तर कंपनी म्हणू शकते की हा जुना झिजेचा त्रास आहे, वेटिंग पिरियड लागू. ऑपरेशन तेच, पॉलिसी तीच, फरक एका वाक्याचा. आपण काय करतो? डॉक्टर विचारतात "काय झालं?" आणि आपण सांगतो, "असंच जरा पाय घसरला, तसा आधीपण दुखायचा." खरं तेच सांगा, पण नीट सांगा: कधी, कुठे, कसं. आणि जे सांगितलं ते तसंच लिहिलंय ना, हे वाचून घ्या.

"बंदी होती ना तिथे?"

बारवी धरण एमआयडीसीचं. १९७२ मध्ये पूर्ण झालं आणि नंतर त्याची उंची वाढवली. उल्हासनगर, कल्याण-डोंबिवलीपासून मिरा-भाईंदरपर्यंत लाखो लोक त्याचं पाणी पितात. पावसाळ्यात धरण भरलं की इकडे गर्दी होते, आणि म्हणूनच प्रशासन बारवी, कोंडेश्वर अशा ठिकाणी मनाई आदेश काढतं. तो आदेश पाळायलाच हवा, दरवर्षी माणसं बुडतात. आमचा मित्र सरळ रस्त्याने जात होता, पाण्यात उतरला नव्हता. तरी त्याचा मामा म्हणालाच, "बंदी असलेल्या जागी गेलास, आता इन्शुरन्सवाले देतायत होय!"

मामाची भीती कितपत खरी? अटीची भाषा बघा. कायदा मोडल्याची अट सांगते की 'गुन्हेगारी हेतूने' कायदा मोडताना किंवा तसा प्रयत्न करताना झालेली इजा कव्हर होत नाही. धोक्याच्या खेळांची अट सांगते की 'व्यावसायिक खेळाडू म्हणून' अशा खेळात भाग घेताना झालेली इजा कव्हर होत नाही. म्हणजे हौसेने ट्रेकला गेलेला मुलगा आणि पैसे घेऊन मोटार रेसिंग करणारा माणूस, दोघांना ही अट एकाच मापाने लावता येत नाही. तिसरी अट दारू आणि अमली पदार्थांची, ती मात्र कडक आहे. केस पेपरवर 'दारूचा वास' असे दोन शब्द आले तर क्लेम अवघड होतो.

फोनवर कोणी "ते साहसी खेळात मोडतं सर, नाही मिळणार" असं म्हणालं तर एवढंच विचारा: "पॉलिसीतली कोणती अट? लेखी द्या." अटीचे पूर्ण शब्द समोर आले की अर्धे नकार तिथेच गळतात. आणि लक्षात ठेवा, क्लेम नाकारायचा निर्णय विमा कंपनीचा असतो. टीपीएचा माणूस फोनवरून "रिजेक्ट झालं" म्हणाला, म्हणजे विषय संपला असं नाही.

मंजूर झाला, तरी पैसे कुठे गेले?

आता बिलाकडे. मित्राच्या बिलातले आकडे सोपे जावेत म्हणून मी राऊंड केलेत.

विमा ३ लाखांचा. खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. त्या रात्री जनरल वॉर्ड आणि शेअरिंगमध्ये बेड नव्हता, म्हणून ४,५०० रुपयांची खोली घेतली. घरचे म्हणाले, "चार दिवसांचे वरचे ६,००० आपण भरू."

एकूण बिल १,६२,००० रुपये. त्यात खोली १८,०००, सर्जन, भूल, थिएटर आणि नर्सिंग मिळून ६०,०००, प्लेट आणि स्क्रू ३८,०००, औषधं २४,०००, तपासण्या १२,००० आणि इतर वस्तू १०,०००.

मंजूर झाले १,२६,०००. खिशातून ३६,०००.

कसे? खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली की 'प्रमाणशीर कपात' लागते. ३,००० भागिले ४,५००, म्हणजे दोन तृतीयांश. खोलीच्या १८,००० पैकी १२,००० मिळाले. पण त्याच प्रमाणात सर्जन-थिएटरच्या ६०,००० पैकीही फक्त ४०,००० मिळाले. म्हणजे खोली दिवसाला १,५०० ने महाग घेण्याची खरी किंमत ६,००० नसून २६,००० होती. हे ॲडमिशनच्या वेळी कोणीही सांगितलं नाही.

इथे एक नियम माहीत असायला हवा. ही कपात औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांवर लावता येत नाही, आयसीयूच्या भाड्यावरही नाही. हॉस्पिटल खोलीप्रमाणे दर बदलत नसेल, तर इतर खर्चावरही ही कपात लावता येत नाही. मित्राच्या बाबतीत ते ७४,००० पूर्ण मिळाले. तुमच्या बिलात प्लेटच्या किमतीवरही कात्री लागली असेल तर ती चूक आहे, लगेच विचारा.

उरलेले १०,०००? ती 'न मिळणाऱ्या वस्तूंची' यादी. इर्डाच्या यादीत अशा ६८ गोष्टी आहेत. गंमत बघा, हाड मोडलं की जे जे लागतं, त्यातलं बरंच तिथे आहे: क्रेप बँडेज, हात गळ्यात अडकवायची स्लिंग, गुडघ्याचा इमोबिलायझर, नी ब्रेस, कमरेचा पट्टा, चालायला मदत करणारी साधनं, अगदी ग्लोव्ह्जसुद्धा. काही पॉलिसींमध्ये थोडा जास्त प्रीमियम भरून यांचं कव्हर घेता येतं. नसेल घेतलं तर वॉकर आणि ब्रेस हॉस्पिटलमधून घ्यायच्या आधी बाहेरच्या सर्जिकल दुकानात भाव विचारा. पैसे नाहीतरी तुमचेच जाणार आहेत.

या कपातींचा देशभराचा हिशोबही मोठा आहे. इर्डाच्या वार्षिक अहवालानुसार २०२३-२४ मध्ये साधारण आणि आरोग्य विमा कंपन्यांनी सुमारे २.६९ कोटी आरोग्य क्लेमचे ८३,४९३ कोटी रुपये दिले. त्याच वर्षी पॉलिसीच्या अटी दाखवून सुमारे १५,१०० कोटी रुपये अमान्य केले.

आणखी एक. साधं फ्रॅक्चर असेल, ओपीडीत प्लास्टर घालून घरी पाठवलं, तर बहुतेक पॉलिसींमध्ये काही मिळत नाही. कारण २४ तासांची ॲडमिशन किंवा डे-केअर प्रक्रिया लागते. म्हणून काही जण "एक रात्र ॲडमिट करून घ्या ना" म्हणतात. गरज नसताना ॲडमिट झालेलं कागदावर दिसतं, आणि मग पूर्ण क्लेमच अडचणीत येतो.

तुमच्याकडे आहे, पण कामाचं नाही. तुमचं आहे, पण माहीत नाही.

"माझ्या बँकेतून अपघात विम्याचे २० रुपये कापतात की!" हो. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला १ लाख. जरूर ठेवा. पण मोडलेल्या पायाचं बिल त्यातून मिळत नाही. बाईकच्या इन्शुरन्समधलं मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हरही मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठीच.

उलट, या तीन गोष्टी अनेकांना माहीत नसतात.

रस्ता अपघात असेल तर केंद्राची कॅशलेस उपचार योजना आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सरकारला मुदत घालून दिली आणि ५ मे २०२५ ला योजना अधिसूचित झाली. मोटार वाहनामुळे कोणत्याही रस्त्यावर अपघात झाला, तर ठरवलेल्या हॉस्पिटलमध्ये पहिल्या ७ दिवसांसाठी १.५ लाखांपर्यंत उपचार. विमा असो वा नसो. पोलिसांची पुष्टी लागते, म्हणून ११२ वर कॉल करणं महत्त्वाचं. मित्राच्या वेळी आमच्यापैकी कोणालाच हे सुचलं नाही. रिक्षात घातलं आणि जवळच्या हॉस्पिटलात नेलं.

दुसरी, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना. जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने ती महाराष्ट्रातल्या सगळ्या कुटुंबांना लागू करायचा आणि कव्हर वर्षाला ५ लाखांपर्यंत न्यायचा निर्णय घेतला. अट एकच, हॉस्पिटल योजनेतलं हवं आणि उपचार यादीतला हवा. हॉस्पिटलमध्ये 'आरोग्यमित्र' नावाने डेस्क असतो. हेल्पलाइन १५५३८८.

तिसरी, अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत काम करणाऱ्यांसाठी ईएसआयसी. महिना २१,००० पर्यंत पगार असलेले बहुतेक कामगार यात येतात. कामावर, किंवा कामावर जाता-येताना अपघात झाला आणि तो कामाशी जोडलेला ठरला, तर उपचारांशिवाय सुट्टीच्या काळात पगाराच्या सुमारे ९० टक्के भत्ता मिळतो. खाजगी विम्यात बुडालेला पगार मिळत नाही. स्लिपवर ईएसआयची कपात दिसत असेल तर तो नंबर फोनमध्ये ठेवा.

नाही म्हणाले तर?

आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल. फोन नाही, ईमेल. तारीख आणि वेळ राहते. तिथे समाधान झालं नाही तर इर्डाचं 'बीमा भरोसा' पोर्टल किंवा १५५२५५ ही हेल्पलाइन. हे पोर्टल निकाल देत नाही, पण तक्रार कंपनीकडे जाते आणि तिची नोंद नियामकाकडे राहते.

कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात. मात्र नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जायचं, आणि तोच विषय ग्राहक आयोगात चालू असेल तर इथे घेत नाहीत. ठाणे जिल्ह्यासाठी कार्यालय आता ठाण्यातच आहे, म्हणजे बदलापूरहून एका लोकलचा प्रवास. लोकपालांचा निकाल कंपनीने ३० दिवसांत पाळला नाही, तर पेशंटला दिवसाला ५,००० रुपये द्यावे लागतात.

मित्राने काय केलं? त्याने कपातीच्या तक्त्यातली प्रत्येक ओळ विचारली. १०,००० च्या 'इतर वस्तूं'मध्ये ड्रेसिंगच्या २,३०० रुपयांचे साहित्य चुकीच्या रकान्यात गेलं होतं. तीन ईमेलनंतर ते मिळाले. २६,००० ची कपात मात्र नियमाप्रमाणे होती, तिथे काही करता आलं नाही. त्याचे बाबा अजून म्हणतात, "त्या खोलीत एसी तरी नीट होता का रे?"

आज फोनवर १५ मिनिटं

१. पॉलिसीची पूर्ण पीडीएफ डाउनलोड करा. ई-कार्ड पुरत नाही. सोबत ग्राहक माहिती पत्रक असतं, आता ते देणं बंधनकारक आहे. त्यात खोलीभाड्याची मर्यादा शोधा आणि तो आकडा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. तुम्ही बेशुद्ध असाल तेव्हा खोली तेच घेणार आहेत.

२. पॉलिसी नंबर, टीपीएचा नंबर आणि रक्तगट लॉक स्क्रीनच्या इमर्जन्सी माहितीत भरा.

३. ॲडमिट झाल्यावर केस पेपरच्या पहिल्या पानाचा फोटो काढा. चूक असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगून दुरुस्त करून घ्या.

४. डिस्चार्जच्या दिवशी डेस्कवर दोनच वेळा विचारा: फाइल किती वाजता गेली, आणि प्रश्न आला असेल तर तो किती वाजता आला. ईमेलचा फोटो काढा.

५. नोकरी बदलत असाल तर ग्रुप पॉलिसी साधारण शेवटच्या दिवशी संपते. नव्या कंपनीत जॉइन होईपर्यंतच्या मधल्या दिवसांतही रस्त्यावर चिखल असतोच. स्वतःची छोटी पॉलिसी असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेलाय.

जेवण मागवलं की आपल्याला दिसतं: ऑर्डर घेतली ७.०२, हॉटेलमधून निघाली ७.२०. उशीर कोणामुळे झाला ते विचारावं लागत नाही. क्लेमच्या ॲपमध्ये हेच दाखवायला वेगळं तंत्रज्ञान लागत नाही. फाइल कधी आली, कोणी उघडली, प्रश्न कधी विचारला, हे सगळं त्यांच्या डेटाबेसमध्ये नोंदलेलंच असतं. ते पेशंटच्या स्क्रीनवर आणायचं, की 'प्रक्रिया सुरू आहे' एवढंच लिहायचं, हा कोणीतरी घेतलेला निर्णय आहे. इर्डाने १ तास आणि ३ तास ठरवले तसं उद्या 'या वेळा पेशंटला एसएमएसने कळवा' एवढी एक ओळ घातली, तर निम्मी भांडणं डेस्कवरच मिटतील.

तोपर्यंत ती वेळ आपणच विचारायची आहे. मित्राची प्लेट पुढच्या वर्षी काढायची का, ते डॉक्टर ठरवतील. त्याने मात्र आत्ताच ठरवलंय की खोली ३,००० च्या आतली घ्यायची.